पांढऱ्या मोराच्या बदल्यात

घोडगाय कशी ओरडते ते मला आमच्या घरात अजून करून दाखवावं लागतं. तोंड मिटलेलं ठेवायचं, आवाज नाकातून काढायचा, आणि जड अंगाचा माणूस झोपेत कण्हतो तसा हुंकार द्यायचा. नातवंडं खो खो हसतात. हसू देत बापडी. मी बारा-तेरा वर्षांची असताना तो आवाज आमच्या परसापलीकडून दिवसभर यायचा, आईच्या जात्याच्या घरघरीत मिसळायचा, आणि नाचणीच्या भाकरीला चुलीपुढं फुगवटा यायचा तेव्हा आबा हातातला घास तसाच धरून कान द्यायचे. "आज कन्हत्यात जरा जास्तच," म्हणायचे. मग जेवण अर्धवट टाकून कुंपणाकडे जायचे. आईची चिडचिड व्हायची, पण तीही मागोमाग कंदील घेऊन जायची.

घोडगाय हे नाव आमच्या गावानं ठेवलेलं. शेठजी त्यांना वाइल्डबीस्ट म्हणायचे. शेठजी मुंबईचे, आफ्रिकेत त्यांचा कसलासा व्यापार होता, आणि मुळशीच्या तळ्याकाठी त्यांनी बंगला बांधला होता. बंगल्याभोवती त्यांनी हौसेनं प्राण्यांची बाग केली. चितळं आणली, मोर आणले, आणि मग बोटीनं आफ्रिकेतून ही पाच जनावरं आणली. पुढून बैल, मागून घोडा, हनुवटीला बोकडाची दाढी. लॉरीतून उतरवली त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं, आणि ही गाय म्हणायची की घोडा यावरून पारावर जुंपली होती. आबांच्या हाताला गुरांचा गुण आहे असं पंचक्रोशीत म्हणत, म्हणून त्यांना शेठजींनी राखणीला ठेवलं आणि कुंपणाला लागून घर दिलं. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली. ते पाणी ज्यांना दिवाणखान्यातून बघायला आवडायचं त्यांच्याच चाकरीला आम्ही लागलो. तेव्हा मला यात काही वाटलं नव्हतं. आता लिहिताना मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या जनावरांना ठेवलं कुठं होतं ते सांगते. बंगल्याच्या व्हरांड्यासमोर एक खोलगट चौक होता, तिथं. पूर्वी ते भातखाचर होतं. वर अर्ध्या मैलावर चांगला मुरमाड उतार मोकळा पडलेला, पाणी न थांबणारा. पण तो उतार व्हरांड्यातून दिसायचा नाही. पाहुण्यांनी चहा पीत बसावं आणि समोर आफ्रिका दिसावी, म्हणून ही कोरड्या माळरानावरची जनावरं भाताच्या चिखलात उभी केली. पत्र्याची शेड बांधली होती, पण आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर बडवायला लागला की ती बिचारी घाबरून बाहेर यायची आणि पावसात उभी राहायची. त्यांना धुळीत लोळायची सवय. इथं चार महिने धूळ कुठून आणायची? त्यांना चालायला लागतं, नुसतं चालत राहायला. कुंपणाच्या आतून त्यांनी फिरून फिरून अशी वाट पाडली होती की तिच्यात पाणी साचून बेडूक झाले. खुरं कुजली. आबा रोज हळद आणि गोडं तेल कढवून खुरांना लावायला बघायचे, पण ती काय आमच्या तांबडी गाईसारखी पाय देणार होती? श्रावण संपेपर्यंत दोन माद्या गेल्या. शेठजी गणपतीनंतर आले, उरलेल्या तिघांकडे बघून म्हणाले, "जरा मोकळं मोकळं वाटतंय." एवढंच म्हणाले. मी स्वतः ऐकलंय.

उरलेल्यांपैकी एक मादी गाभण होती. सुगीचे दिवस, आम्ही बायकामुली खळ्यावर भात झोडत होतो, उन्हं नुकती तापायला लागली होती, आणि बागेचे मॅनेजर धोतर सावरत पळत आले. हे पुण्याचे, गुरांशी संबंध फक्त दुधापुरता. "वहिनी, लवकर चला! व्यायली ती!"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "वार पडली का?"

"नाही अजून."

"मंग पिल्लाला तोंड लावू देऊ नगा. बाजूला घ्या आधी."

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यातून झालं. आमच्याकडे गाय व्याली की वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, पडेपर्यंत वासराला आचळाशी जाऊ देत नसत. वासरू प्यायलं तर वार आत अडकते, गाय दगावते, अशी समजूत. घरोघर हेच. वासराला गोणपाटानं पुसायचं, नाळेला हळद भरायची, वेगळ्या खुंट्याला बांधायचं, आणि वार पडली की चीक काढायचा, पहिला वासराला, उरलेल्याचा खरवस. आज जनावरांचे डॉक्टर सांगतात की गाईच्या बाबतीतसुद्धा हे चूक. पण आईला कुणी सांगणार? तिनं तिच्या आईकडून घेतलं, तिच्या आईनं तिच्या आईकडून. आबांनी आणि दोघा गड्यांनी फळ्या आडव्या धरून मादीला पलीकडे रेटलं. पिल्लू माझी आई पोचायच्या आधीच उभं होतं, चार काटक्यांवर थरथरत, बदामी रंगाचं. आई म्हणाली, "अगं बया, उबं बी ऱ्हायलं?" आणि त्याला गोणपाटात गुंडाळून आमच्या गोठ्यात आणलं. मला म्हणाली, "इंदे, हितं बस. हलू नगंस. ह्याला एकटं वाटाय नगं."

मी बसले. सबंध दिवस बसले. पलीकडे त्याची आई फळ्यांवर धडका देत होती, गाय असती तर तिनं शांत होऊन वार टाकली असती, पण हिचा जीव थाऱ्यावर होता कुठं? दिवस कलला तरी वार पडेना. पिल्लू माझ्याकडे बघत होतं. मी उठून पाणी प्यायला गेले की दाव्याला हिसके द्यायचं, परत आले की गप्प. मला गंमत वाटत होती, मीही लहानच. परवा नातवानं त्याच्या मोबाइलवर दाखवलं, आफ्रिकेतल्या माळावर ही जनावरं हजारांनी चाललेली. जन्मलेलं पिल्लू लगोलग उठतं आणि आईच्या कुशीला लागून धावायला लागतं. त्या पहिल्या वेळात जे चालताना दिसेल त्याच्यामागे जायचं, एवढंच देवानं त्याला शिकवून पाठवलेलं असतं. आणि आम्ही त्याला त्या वेळात दाव्याला बांधून माझ्यासमोर ठेवलं होतं.

सूर्य डोंगराआड जाता जाता वार पडली. आईनं पिल्लू उचलून कुंपणात नेलं. मादी पुढं आली, हुंगलं, आणि थबकली. गोणपाट, हळद, आमच्या चुलीचा धूर, माणसांचे हात. तिच्या बाळाचा वास त्यात राहिलाच नव्हता. तिनं मान खाली घातली आणि त्याला शिंगानं असं भिरकावलं की ते गडगडत तारेवर आलं. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. आबांनी त्याला बाहेर ओढलं. आणि ते पिल्लू त्याच्या आईकडे वळूनसुद्धा न बघता लंगडत माझ्यामागे येऊन उभं राहिलं.

"म्या गाय समजले गं," आई म्हणाली. "कपाळ माजं! म्या गाय समजले."

आबा म्हणाले, "तुजा काय दोस? सगळ्यांनीच समजली."

सोमवारी जन्मला म्हणून तो सोम्या. तांबडीचं दूध बोंडल्यानं पाजून आईनं त्याला जगवला. आणि मी उठले की तो उठे, चालले की चाले, नेहमी माझ्या उजव्या कुशीला, नाक परकराला लावून. ओढ्यावर धुणं धुवायला गेले तर पाण्यात, करवंदांच्या जाळीत शिरले तर काट्यात. शाळेत गेले तर दाराबाहेर उभा राहून नाकातून हुंकार देई, आणि गुरुजी म्हणत, "इंदूचं बाळ आलं रे." पोरं फिदीफिदी हसत. गावाला करमणूक झाली. पण आबा हसत नसत. एका संध्याकाळी पावट्याच्या आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता ते म्हणाले, "इंदे, ह्यो असा तुज्या मागं मागं ऱ्हायला तर ह्येचं वाटोळं हाय. तू उद्या लगीन करून जाशील. ह्येनं कुनाच्या मागं जायाचं? ह्येला त्येच्या लोकांत घालाय पायजे."

"पण त्याची आई मारते."

"दुसरी हाय की. ती वांझ हाय, ती घील. पर आपला वास जाया पायजे."

मग आम्ही तिघं त्या कामाला लागलो. खरं सांगते, इतकं जीव लावून केलेलं काम माझ्या हातून पुढं फारसं झालं नाही. सोम्याला गोठ्यातून काढून कुंपणालगत ठेवला. घोडगाईंनी तुडवलेलं, घाण झालेलं गवत आबा रोज आणून त्याच्याखाली अंथरायचे. आईनं त्याला चुलीच्या धुरापासून लांब ठेवलं, आणि मला सक्त ताकीद दिली, हात लावायचा नाही. त्यानं परकराला नाक लावलं तरी हात लावायचा नाही. मला रडू यायचं. रोज दुपारी मी कुंपणाच्या बाहेरून चालायची, सोम्या माझ्या बाजूनं, आणि आतून ती वांझ मादी तिच्या पडलेल्या वाटेवरून. मी मुद्दाम हळूहळू मागं राहायची. पुढं पुढं अशी वेळ आली की ती दोघं तारेच्या दोन बाजूंनी चालायची आणि मी मागं कुठंतरी. शिमग्याच्या आधी आबांनी एक दिवस फाटक उघडलं. मी चराच्या खळग्यात पालथी पडून राहिले, त्याला मी चालताना दिसू नये म्हणून. तोंडात माती, अंगावर मुंग्या, पण डोळे वर. सोम्या आत गेला. वांझ मादीनं त्याला हुंगलं, कानापासून शेपटीपर्यंत, आणि चरायला लागली. तो तिच्या उजव्या कुशीला जाऊन उभा राहिला. त्या रात्री आईनं गूळ घालून तांदळाची खीर केली, आणि आबांनी तीन वाट्या ओरपल्या. मी मात्र गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडे बघत खाल्ली, आणि तरीही मला आनंद झाला होता.

शिमगा झाला आणि शेठजींचे पाहुणे आले. त्यांत दूरच्या एका शहरातल्या प्राण्यांच्या बागेचे कुणी साहेब होते. मॅनेजरनं कौतुकानं सांगितलेलं असणार, की आमच्याकडे एक पिल्लू मुलीच्या मागं कुत्र्यासारखं फिरतं. झालं! मला बोलावणं. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, टेबलावर बिस्किटं.

"इंदू, त्याला बाहेर काढ आणि जरा चालून दाखव," मॅनेजर म्हणाले.

"नाही. तो आता त्यांच्यातला झालाय."

"अगं, पाच मिनिटांचं काम."

"नाही म्हणते ना!"

आबा फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे होते. शेठजी त्यांच्याकडे बघून नुसते हसले. आबा माझ्याशी नजर न मिळवता म्हणाले, "जा बाळा. एकडाव जा." मी फाटक उघडलं आणि चालले. सोम्यानं मान वर केली, वांझ मादीला सोडलं, आणि आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "हाउ स्वीट!" त्याचा अर्थ मला पुढं कळला, पण तेव्हाही त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. आम्ही सबंध हिवाळाभर जे जोडलं होतं ते यांनी चहा निवायच्या आत उसवलं.

आणि मग शेठजींचा आणि त्या साहेबांचा सौदा ठरला. त्यांच्या बागेत पांढरे मोर होते. शेठजींना पांढरा मोर हवा होता. साहेबांना लहान घोडगाय हवी होती. हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. मॅनेजरनं मला येऊन काय सांगितलं? की शेठजींनी मनावर घेतलंय, पावसाळ्याआधी सगळ्या घोडगाई वरच्या मुरमाड उतारावर हलवायच्या. एकेकाला लाकडी पिंजऱ्यात घालून लॉरीनं न्यायचं. "सोम्या बिथरतो, गड्यांना धरू देत नाही. तू पुढं चाल, तो आत येईल. तो गेला की बाकीच्या आपोआप येतील." वरचा उतार! आबा आणि आई वर्षभर शेठजींकडे जो मागत होते तो उतार! मला इतका आनंद झाला की मी पळत गेले. आबांना विचारायला हवं होतं, पण आबांना सकाळीच काहीतरी काम काढून पौडाला पाठवलं होतं. योगायोग होता म्हणता? मी नाही म्हणत.

लॉरीला फळी लावलेली. पिंजऱ्याला मागं दार आणि पुढं माणूस जाईल एवढी खिडकी. मी फळीवरून चढले. माझ्या मागं त्याची खुरं वाजली, टक टक टक. मी पिंजऱ्यात शिरले, तो शिरला. पुढच्या खिडकीतून मॅनेजरनं माझे दंड धरून मला बाहेर ओढलं आणि मागचं दार धाडकन पडलं. दोन्ही इतकं एकदम झालं की त्यांनी तालीम केली असावी. सोम्या खिडकीला नाक लावून हुंकारायला लागला. लॉरी चालू झाली, खाली वळली, धरणाच्या रस्त्याला. वरच्या उताराचा रस्ता दुसरीकडं होता. मी मॅनेजरच्या मनगटाला चावले. रक्त आलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आई रानातून विळा हातात घेऊन आली ती तशीच व्हरांड्याच्या पायऱ्या चढली. आमच्या घरातली बाई त्या पायऱ्या त्याआधी कधी चढली नव्हती.

"शेटजी, कुटं धाडलं त्येला?"

"चांगल्या ठिकाणी गेलाय बाई. डॉक्टर आहे तिथं, खायला वेळेवर मिळेल."

"खायाला हितं कमी पडलं व्हतं? त्येला त्येचा कळप मिळाला व्हता. पोरीनं मातीत त्वांड घालून मिळवून दिला व्हता!"

"जनावर आहे हो ते."

"जनावर हाय म्हणूनच इचारतीया! मानूस असतं तर त्येनं इचारलं असतं. आन् माज्या पोरीला फसवून नेलंत, ती बी जनावर का?"

शेठजींनी वर्तमानपत्र उघडलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मुंबईची डोळे मिटणारी बाहुली पाठवली. आईनं ती बंगल्याच्या पायरीवर नेऊन ठेवली, बसवून, तोंड आत करून.

गावात बरेच दिवस बोललं जायचं, की इंदीनंच नेलं की हो त्याला चढवून. माझ्या तोंडावरही बोलले. मी आज ठणकावून सांगते, मी नाही नेलं. माझे पाय वापरले. एका पिल्लाचा आणि एका पोरीचा भरवसा एका दोरीत ओवून त्यांनी ओढून नेला, आणि बदल्यात एक मोर आणला. त्या मोराचा काय दोष? तोही तिकडून एकटाच आला होता. पावसाळाभर शेडच्या पत्र्यावर भिजत बसायचा. वांझ मादी फाटकाच्या कोपऱ्याशी येऊन उभी राहायची, आणि आबांना ते बघवेना. त्यांनी काम सोडलं, आम्ही घर सोडलं आणि वरच्या वाडीत आलो. मागं राहिलेल्या तिघांचं काय झालं ते मला माहीत आहे, ते मी लिहिणार नाही. पुढच्या साली तांबडी व्याली तेव्हा आईनं वासरू उचललं आणि ओलं तसंच तिच्यापुढं ठेवलं. शेजारणी ओरडल्या, "अगं, वार!" आई म्हणाली, "चाटू दे. मला कुनी शिकवू नगा." त्या वर्षापासून आमच्या गोठ्यात वासरू कधी बाजूला बांधलं गेलं नाही. आता तळ्याकाठी रिसॉर्टं झालीत, एकात ससे आणि शहामृग ठेवलेत, शनिवारी पोरं त्यांच्यासोबत फोटो काढतात. नातू म्हणतो, आजी, जाऊ या. मी म्हणते, तू जा.

माझं लग्न झालं, आणि काही वर्षांनी यजमानांची बदली नेमकी त्याच शहरात झाली. ती बाग घरापासून लांब नव्हती. मी वर्षभर गेले नाही. मग एक दिवस गेले. जाळीवर पाटी होती: वाइल्डबीस्ट. मूळस्थान आफ्रिका. मोठ्या कळपाने राहतो. आणि पाटीच्या मागं एकच जनावर होतं. एकटं. अंगानं चांगलं भरलेलं, दाढी छातीपर्यंत आलेली. मला इतका राग आला की मी पाटीवर हात आपटला. कसली आफ्रिका? मुळशीत जन्मला, माझ्या डोळ्यांदेखत! आणि कळप कुठंय? पाटी रंगवणाऱ्याला वाचता येत नव्हतं का? यजमान इकडंतिकडं बघायला लागले.

तिथला राखणदार हसून म्हणाला, "बाई, ह्याची गंमत बघा. जो जाळीशेजारून चालेल त्याच्या बरोबरीनं चालतो. दिवसभर. पोरं मुद्दाम पळतात. जरा येडसर आहे."

"वेडसर नाहीये तो," मी म्हणाले. "तुम्हांला माहीत नसेल तर बोलू नका."

मी चालले. तो आला, जाळीच्या आतून, माझ्या उजव्या कुशीला. टोकाला मी थांबले, तो थांबला. वळले, वळला. त्यानं ओळखलं का, असं मला सगळे विचारतात. यजमानांनीही विचारलं. काय उत्तर देऊ? तो त्या राखणदाराच्या मागंही जात होता, फुगेवाल्याच्याही. त्याला मीच हवी होते असं नाही, त्याला कुणीतरी पुढं चालणारं हवं होतं, आणि ते कुठंच पोचत नव्हतं. मी तोंड मिटून तो हुंकार दिला. त्यानं कान ताठ केले आणि उभा राहिला. मीही उभी राहिले.

मग बाग बंद व्हायची वेळ झाली, आणि माझ्या ध्यानात आलं की मला निघता येत नाहीये. फाटक जाळीच्या कडेकडेनं गेल्यावर होतं. मी चालले असते तर तो माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आला असता, आणि पुढं मी एकटी गेले असते. दुसऱ्यांदा ते माझ्या पायांनी होऊ देणार नव्हते मी. यजमान म्हणाले, "चल ना." मी म्हणाले, "थांबा." राखणदार घंटा वाजवत गेला, तरी मी हलले नाही. शेवटी एका शाळेची पोरं ओळीनं बाहेर निघाली, जाळीला हात घासत, पलीकडच्या टोकाच्या दुसऱ्या फाटकाकडे. सोम्यानं मान वळवली, क्षणभर तिथंच राहिला, आणि त्यांच्या बरोबरीनं चालायला लागला. तो टोकाला पोचेपर्यंत मी बघितलं, आणि मग आमच्या फाटकाकडे गेले.